लिंक गेली आहे!

आमच्या बँकेत दिवसातून एकदा तरी एक वाक्य उच्चारलं जातं, आणि ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक प्रकारची आध्यात्मिक शांती पसरते. ते वाक्य म्हणजे, "लिंक गेली आहे."

ती कुठे गेली, कशासाठी गेली, परत कधी येणार, हे विचारायचं नसतं. मान्सूनला विचारतो का आपण? परवा एका पेन्शनर आजोबांनी मात्र विचारलं. मी नेहमीच्या सुरात "लिंक गेली" म्हणताच त्यांनी कान पुढे करून विचारलं, "गेली? कोणाबरोबर?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. पण हसता हसता मला आमच्या धाकट्या मामांची आठवण झाली. लिंक या वस्तूबद्दल इतकं प्रेमाने आणि इतकं रागाने बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बँकेतल्या लोकांना लिंक म्हणजे काय हे ती गेल्यावर कळतं. मामांना ती असताना कळत होतं.

मामा तारखात्यात होते. दिवसभर कट्ट-कडकट्ट करून लोकांच्या जन्माच्या आणि मरणाच्या बातम्या पोचवायच्या, आणि संध्याकाळी घरी आल्यावर विरंगुळा म्हणून काय करायचं? तर पुन्हा कट्ट-कडकट्ट! फरक एवढाच, की ऑफिसात पगार मिळे आणि घरी मामीची बोलणी. मामा हॅम होते. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारी परीक्षा देऊन, परवाना काढून, स्वतःचं नभोवाणी केंद्र घरात थाटायचं आणि जगातल्या तसल्याच दुसऱ्या वेड्यांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. ह्या गप्पांत पैशाचा व्यवहार करायला बंदी. धंद्याचं बोलायचं नाही. मला, एका बी. कॉम. माणसाला, हे पहिल्यापासून संशयास्पद वाटत आलं आहे. ज्यात नफा नाही, तोटा नाही आणि तरी माणसं पहाटे चारला उठतात, असं काही असू शकतं हे आम्हाला कॉलेजात शिकवलंच नव्हतं.

ह्या मंडळींची भाषाही वेगळी. कोणी आहे का, अशी साऱ्या जगाला उद्देशून हाक मारायची असेल तर म्हणायचं "सी क्यू". निरोप घेताना शुभेच्छा द्यायच्या तर म्हणायचं "७३". पुरुष कितीही तरुण असला तरी तो "ओल्ड मॅन". अविवाहित बाई "यंग लेडी", म्हणजे "वाय एल". आणि बायकोला काय म्हणतात? "एक्स वाय एल"! मामांनी हे कौतुकाने सांगितलं तेव्हा मामी पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "एक्स म्हणजे माजी ना हो? मग माजी यंग लेडीने केलेल्या पोळ्या माजी आमदाराने खाव्यात. तुम्ही तुमच्या न्यूझीलंडकडून मागवा."

न्यूझीलंडचं प्रकरण पुढे येईल. आधी थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत.

१९१४ साल. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचं गाव आहे. तिथे हायरम पर्सी मॅक्सिम नावाचा एक इंजिनिअर राहत असे. त्याचे वडील म्हणजे मॅक्सिम मशिनगनचा जनक. बापाने जगातला सर्वांत मोठा खडखडाट शोधून काढला, आणि मुलाने काय शोधावं? बंदुकीचा सायलेन्सर! बाप-लेकांचं पटत नसेल तर त्याचा पुरावा इतका सज्जड सहसा सापडत नाही.

तर ह्या मॅक्सिमला हौशी रेडिओचा नाद होता. त्याला निर्वात नळी, म्हणजे जुन्या रेडिओत असे तो व्हॉल्व्ह, हवा होता. जवळच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या एका हौशी रेडिओवाल्याकडे तो विकाऊ होता. स्प्रिंगफील्ड किती दूर? जेमतेम पंचवीस-तीस मैल. मॅक्सिमचं यंत्र चांगलं एक किलोवॅटचं. पण निरोप काही पोचेना. मग त्याच्या लक्षात आलं, की वाटेत विंडसर लॉक्स नावाचं गाव आहे आणि तिथेही आपल्यासारखा एक हौशी बसलेला आहे. त्याने त्या मधल्या माणसाला निरोप दिला, मधल्याने तो पुढे पोचवला.

आता ह्यात विशेष ते काय, असं तुम्ही म्हणाल. आमच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना तळमजल्यावरची बातमी ह्याच पद्धतीने मिळत असे, आणि मधल्या मजल्यावर तिच्यात भरही पडत असे. पण मॅक्सिमने त्यातून एक कल्पना उचलली. असे मधले लोक देशभर जोडले तर? गावातून गावात, हातातून हातात, निरोप ह्या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत जाईल! म्हणून त्याने त्याच वर्षी 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' काढली. ह्या नावातला 'रिले' महत्त्वाचा. म्हणजे लिंक हा प्रकार पुढे कधी तरी संगणकवाल्यांनी आणला नाही. हौशी रेडिओचा संसार मुळातच लिंकवर उभा राहिला. ज्या माणसाने बंदुकीचं तोंड बंद केलं, त्याने जगातल्या सर्वांत बडबड्या लोकांची संघटना स्थापन केली, ह्याला काव्यगत न्याय म्हणावा की काय ते ज्याचं त्याने ठरवावं.

सरकारचं मात्र ह्या मंडळींवर प्रेम नव्हतं. सरकारचं हौशी माणसावर कधीच प्रेम नसतं. १९१२ साली, टायटॅनिक बुडाल्यावर काही महिन्यांतच, अमेरिकेने रेडिओचा कायदा केला. मोठमोठ्या लांबीच्या लहरी आरमाराला आणि कंपन्यांना दिल्या आणि हौशी लोकांना सांगितलं, तुम्ही २०० मीटर आणि त्याखालच्या आखूड लहरींत काय गोंधळ घालायचा तो घाला. त्या काळच्या शहाण्यांच्या मते ह्या आखूड लहरी लांब पल्ल्याला अगदी कुचकामी होत्या. भाऊबंदकीच्या वाटणीत थोरल्याने बागायत घ्यावी आणि धाकट्याला खडकाळ माळ द्यावा, तसला हा प्रकार.

आणि त्या माळाला पाणी लागलं! नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरातला लेऑन दलॉय आणि कनेक्टिकटमधला फ्रेड श्नेल हे दोघे हौशी, सुमारे ११० मीटरच्या लहरींवर, अटलांटिक महासागराच्या दोन काठांवर बसून एकमेकांशी बोलले. आखूड लहरी वर जातात, आयनांबरावर आपटतात, परत खाली येतात, पुन्हा उसळतात, अशा टप्पे खात पृथ्वीला वळसा घालतात, हे पुढे सगळ्यांना कळलं. थोरल्या भावांचे डोळे पांढरे झाले आणि त्यांनी त्या माळाचेही लचके तोडायला सुरुवात केली. हेही आपल्या भाऊबंदकीला धरूनच.

वर्षभरात कळसच झाला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडच्या ओटागो भागातला फ्रँक बेल आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर ह्यांची गाठ पडली. बेलचं घराणं मेंढरं पाळणारं. गॉयडर तर शाळेतला पोरगा, अठरा वर्षांचा. पृथ्वीच्या गोळ्यावर लंडनहून जास्तीत जास्त लांब जायचं म्हटलं तर जिथे जाता येईल, जवळजवळ तिथपर्यंत त्या पोराचा निरोप पोचला. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पाठवलं तरी तो निम्मं सामान विसरून येतो.

हा गॉयडर पुढे कोण झाला ठाऊक आहे? १९३६ साली तो हिंदुस्थानात आला आणि ऑल इंडिया रेडिओचा चीफ इंजिनिअर झाला. ह्या एवढ्या मोठ्या देशावर लघुलहरींचं जाळं विणायच्या कामात त्याचा मोठा हात होता. म्हणजे आपल्या आजोबांनी रेडिओला कान लावून ज्या बातम्या ऐकल्या, त्यामागे तो शाळकरी पोरगा उभा होता. मामा ही गोष्ट सांगताना नेहमी उठून उभे राहत. राष्ट्रगीताला उभे राहावं तसे.

मामांनी ह्या गोष्टीपायीच न्यूझीलंडचा ध्यास घेतला असावा. आपल्या सकाळी सहा म्हणजे तिथली दुपार. त्या वेळी मामा डोक्याला मफलर, त्यावर हेडफोन अशा अवतारात बसत. आणि एकदा त्यांना ओटागोतलाच एक माणूस सापडला. तोही शाळामास्तर, तोही निवृत्तीला टेकलेला. दोघांनी वीसेक वर्षं गप्पा मारल्या, त्याही फक्त मोर्समध्ये. तोंडाने बोलायचं यंत्र मामांकडे होतं. पण ते म्हणत, "अरे, थोड्या शक्तीत लांब जायचं तर मोर्सच. आवाज कसा ढोला असतो, बाजारातल्या बाईसारखा, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालतो. मोर्स सडाफटिंग!"

वीस वर्षांत त्या मास्तरची भेंड पिकली, मुलगी नांदायला गेली, कुत्रा म्हातारा झाला, हे सगळं मामांना टिंब आणि रेघांतून कळलं. मामा म्हणत, "हजार लोकांत मी त्याचा हात ओळखीन. त्याचं 'एफ' थोडं लंगडतं." त्याचा चेहरा मामांनी पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता. पण त्याचं 'एफ' लंगडतं हे ठाऊक होतं. आमच्याकडे पंधरा वर्षं शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाबद्दल मला एवढी माहिती नाही.

आता लघुलहरींचा हा झाला राजमार्ग. पण सगळ्या हौशी लोकांना तो परवडत नाही. लांबलचक एरियल हवं, ते टांगायला जागा हवी, आणि मुख्य म्हणजे शेजारी सोशिक हवेत. म्हणून पुष्कळ मंडळी हातात मावेल एवढा व्ही.एच.एफ. संच वापरतात. ह्या लहरी अगदी सरळमार्गी. आयनांबराच्या नादी न लागता नाकासमोर जातात, आणि क्षितिज आलं की संपतात. त्यावर उपाय म्हणून डोंगरमाथ्यावर 'रिपीटर' बसवतात. तो एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर तेच मोठ्याने सांगतो. म्हणजे पुन्हा विंडसर लॉक्सचा मधला माणूसच, फक्त लोखंडाचा आणि पदरचं काही न मिळवणारा. ह्याने हातातल्या संचाला जिल्हाभर ऐकू येतं. पण जिल्ह्याबाहेर? तिथे लिंक नाही!

इथे आपली कथा कॅनडात जाते. व्हँकूव्हर शहर, नोव्हेंबर १९९७. डेव्हिड कॅमेरॉन नावाच्या तरुण हॅमच्या मनात आलं, की एका डोंगरावरचा रिपीटर आणि हजारो मैलांवरच्या दुसऱ्या डोंगरावरचा रिपीटर ह्यांच्यामध्ये आयनांबर असो वा नसो, इंटरनेट तर आहे! मग आवाज त्यावरून नेला तर? दोन वर्षांपूर्वीच इंटरनेटवरून बोलण्याचं पहिलं चालतं सॉफ्टवेअर बाजारात आलं होतं. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं होतं खरं, पण फोन लावून त्या मोडेमचं केकाटणं ऐकत बसायचं आणि लागलंच तर घरातल्या फोनवर कोणी बोलायचं नाही, असे ते दिवस. त्या दिवसांत ह्या गड्याने डोंगर जोडायला घेतले.

त्या योजनेचं नाव 'इंटरनेट रेडिओ लिंकिंग प्रोजेक्ट'. म्हटलं तर गंमत सोपी आहे. एक साधा संगणक, एक रेडिओसंच, आणि दोघांच्या मध्ये एक छोटी पाटी. पाटी म्हणजे सर्किटची. रेडिओवर कोणी बोलायला लागलं की ती पाटी संगणकाला ढोसून सांगते, "अहो, माणूस बोलतोय." संगणक त्या आवाजाचे आकडे करतो, आकड्यांच्या पुड्या बांधतो, आणि इंटरनेटवर सोडून देतो. पलीकडचा संगणक पुड्या सोडतो, त्याचा पुन्हा आवाज करतो आणि तिथल्या रेडिओचं बटण दाबून हवेत सोडतो. अशा प्रत्येक ठिकाणाला एक नंबर. हातातल्या रेडिओच्या बटणांवर तो दाबला, की तुमचा डोंगर त्या डोंगराला जोडला जातो. आणि बोलणं संपल्यावर लिंक तोडायची तर कोणते आकडे दाबायचे? ७३! निरोप घेताना म्हणायच्या शुभेच्छा. लिंक तोडायची तीसुद्धा शुभेच्छा देऊन! आमच्या बँकेची लिंक जाताना कधी "येते हं" म्हणून गेल्याचं मला आठवत नाही.

पहिले काही महिने त्रासाचे गेले. संगणक मध्येच गोठत, मग डोंगराची बोलती बंद. हे वाचून माझ्या मनात कॅमेरॉनबद्दल बंधुभाव दाटून आला. पण तो "लिंक गेली आहे" म्हणून चहाला गेला नाही. १९९८ साली त्याने सगळं लिनक्सवर नव्याने उभं केलं, आणि तिथून ही साखळी देशोदेशी पसरली. मग एकास एक जोडण्याऐवजी अनेक डोंगर एकाच चावडीवर जमतील अशीही सोय झाली. तिला 'रिफ्लेक्टर' म्हणतात. म्हणजे सिडनीचा माणूस बोलला की टोरांटो, लंडन सगळीकडे एकदम ऐकू येतं. अशा ठिकाणी एक शिस्त पाळावी लागते. दुसऱ्याचं बोलणं संपलं की लगेच सुरू व्हायचं नाही. क्षणभर थांबायचं, मग बटण दाबायचं, पुन्हा क्षणभर थांबायचं, आणि मग बोलायचं. मधल्या सगळ्या यंत्रांना जागं व्हायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या कोणाला शिरायचं असेल तर फट राहते. ही शिस्त दूरदर्शनवरच्या चर्चांना लावली तर चर्चाच बंद पडतील.

कॅमेरॉनचा एक हट्ट होता. दोन्ही टोकांना माणसाच्या हातात रेडिओच हवा. संगणकासमोर बसून थेट आत शिरायचं नाही. हौशी रेडिओत रेडिओ राहिला पाहिजे, हे त्यांचं ब्रीद. पण २००२ साली अमेरिकेतल्या जोनाथन टेलर ह्यांनी 'इकोलिंक' काढलं, आणि त्यात परवानाधारक हॅमला नुसत्या संगणकावरूनही आत येण्याची मुभा दिली. मात्र परवान्याचा पुरावा पाठवल्याशिवाय दार उघडत नाही. ही के.वाय.सी. वाचून मला घरच्यासारखं वाटलं. आज लाखांवर हौशी मंडळींनी त्यात नाव नोंदवलेलं आहे. पुढे जिम डिक्सन ह्यांनी टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर वापरून 'ऑलस्टार' उभारलं, जपानी कंपन्यांनी आपापले प्रकार काढले. एकूण, डोंगर डोंगराशी बोलायला लागले.

आणि हॅम मंडळी? ती भांडायला लागली! हा रेडिओच नव्हे, असं निम्म्यांचं मत पडलं. मध्ये इंटरनेट आलं, मग राहिलं काय? आमचे मामा ह्या सनातन्यांचे शंकराचार्य. ते म्हणत, "हे म्हणजे डालड्याला तूप म्हणण्यासारखं आहे. आयनांबराला टप्पा खाऊन आलेला आवाज कसा असतो! मध्येच बुडतो, मध्येच वर येतो, घामाघूम होऊन पोचतो. आणि तुमचा हा? एस.टी.चं तिकीट काढून आल्यासारखा."

मी म्हणालो, "पण मामा, पोचतो ना?"

"कूरिअरही पोचतं!" मामा कडाडले. तारखात्याचा माणूस तो. कूरिअर ही त्यांच्या कोशातली शिवी होती.

मामांच्या बाजूने बोलणारा मोठा दाखलाही होता. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ह्या दिल्लीच्या हॅम आपल्या सहकाऱ्यांसह अंदमानला गेल्या होत्या. तिथून हौशी रेडिओ लावायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती, आणि जगभरचे हॅम पोर्ट ब्लेअरशी बोलायला आसुसलेले होते. २६ डिसेंबरला पहाटे जमीन हादरली, मग त्सुनामी आली. टेलिफोन मुके झाले. तेव्हा हौसेसाठी नेलेला तो लघुलहरींचा संच कामी आला. कोणाचे आईवडील सुखरूप आहेत, कोणाचा पत्ता लागत नाही, हे निरोप त्यावरून मुख्य भूमीवर गेले. हे सांगताना मामांचा आवाज खाली यायचा. "सगळ्या लिंका गेल्या, तेव्हा ही होती. ही कोणाची मिंधी नाही. वर आकाश असलं की झालं."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे मला कळलं, की अमेरिकेत चक्रीवादळ आलं की हौशी मंडळी ह्याच इंटरनेट-लिंकांवर जमतात आणि वादळाच्या वाटेवरच्या माणसांकडून वारा-पावसाच्या खबरा गोळा करून मायामीच्या वादळकेंद्राला देतात. म्हणजे डालडाही अडीअडचणीला उपयोगी पडतो. पण हे मामांना सांगायची माझी छाती नव्हती. ते काम नियतीने केलं.

२००८-०९ च्या सुमारास दोन गोष्टी एकदम घडल्या. एक, सूर्यावरचे डाग जवळजवळ नाहीसे झाले. हे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात आणि कमी होतात. डाग जास्त, तर आयनांबर तगडं. डाग कमी, तर लघुलहरींची रया जाते. डाग नाहीत म्हणून हळहळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आणि दुसरी गोष्ट, मामांच्या सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग काढलं. सर्वसाधारण सभेत ठराव झाला, की गच्चीवरच्या सर्व अनधिकृत वस्तू हटवण्यात याव्यात. अनधिकृत वस्तू तीन : एक मोडकी खाट, पापड वाळवायची चौकट आणि मामांचं एरियल. मामांनी सरकारी परवाना दाखवला. सेक्रेटरी म्हणाले, "परवाना दिल्लीचा आहे. गच्ची सोसायटीची आहे."

एरियल उतरलं त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मामी, ज्या इतकी वर्षं त्या तारेला "वाळत घालायलासुद्धा उपयोगाची नाही" म्हणत होत्या, त्या सेक्रेटरीच्या घरी जाऊन भांडून आल्या. तार परत चढली नाही. सकाळी सहाला मामा उठत, मफलर गुंडाळत, आणि हेडफोन न लावता नुसतेच बसत. खोलीभर टांगलेल्या देशोदेशीच्या कार्डांकडे बघत. दोनतीन महिन्यांनी न्यूझीलंडहून एक पत्र आलं. तुझा हात बरेच दिवस ऐकला नाही, बरा आहेस ना, एवढाच मजकूर.

मी तेव्हा काही बोललो नाही. एका रविवारी संगणक घेऊन गेलो, आणि "मामा, तुमचा परवाना जरा द्या, बँकेत लागतोय," म्हणून सांगितलं. खोटं बोललो. परवान्याचा पुरावा इकोलिंकला पाठवला आणि मामांचं नाव नोंदवलं. मग पत्र पाठवून न्यूझीलंडच्या मास्तरांशी दिवस-वेळ ठरवली. त्यांच्या गावाजवळच्या डोंगरावरच्या रिपीटरला इकोलिंक जोडलेलं होतं.

आधी चाचणी घेतली. इकोलिंकवर एक चाचणीचा नंबर आहे. तिथे आपण बोललेलं थोड्या वेळाने आपल्यालाच ऐकू येतं. मामा नाखुशीने "हॅलो, टेस्टिंग" म्हणाले. संगणक "हॅलो, टेस्टिंग" म्हणाला. मामी दारातून म्हणाल्या, "एवढा खटाटोप करून आपलं आपणच ऐकायचं असेल तर ते घरात रोज चालतंच की."

ठरल्या दिवशी सकाळी सहाला नंबर लावला. लिंक लागली. क्षणभर शांतता. मग एक म्हातारा, जाडाभरडा आवाज खोलीत आला. मास्तर आपल्या बागेत उभं राहून हातातल्या रेडिओवर बोलत होते. मागे पक्षी ओरडत होता. इतका स्वच्छ, की पक्षी आमच्याच पेरूवर बसलाय असं वाटावं. मी विजयाने मामांकडे पाहिलं.

मामांचा चेहरा कोरा होता. परक्या माणसाने दार उघडल्यावर होतो तसा. त्यांनी बटण दाबलं, क्षणभर थांबले, आणि तारेच्या इंग्रजीत म्हणाले, "गुड मॉर्निंग. ऑल वेल हिअर. वाइफ ऑल्सो वेल." आणि थांबले. पलीकडूनही "व्हेरी गुड, व्हेरी गुड" एवढंच आलं. वीस वर्षांचे मित्र, आणि दोघे मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे बोलत होते. हवापाणी झालं, कुत्रा झाला. मग कोणालाच काही सुचेना. माझ्या पोटात गोळा आला. मला वाटलं, चुकलंच आपलं. जे ठीक चाललं होतं तेही मोडलं.

आणि तेवढ्यात मास्तरांनी शीळ घातली.

मला आधी वाटलं, पक्षीच. पण मामा ताडकन उठून उभे राहिले. शीळ आखूड-लांब, आखूड-लांब येत होती. म्हातारबुवा तोंडाने मोर्स वाजवत होते! मामांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "अरे, 'एफ' बघ! लंगडतंय!" मग त्यांनीही बटण दाबलं आणि कवळी सावरत शीळ घालायला सुरुवात केली. पुढची चाळीस मिनिटं, डोंगर, इंटरनेट, समुद्राच्या तळाच्या केबली, एवढा सगळा लवाजमा मध्ये घेऊन दोन म्हातारे एकमेकांना शिळा घालत होते. मामी दारात येऊन म्हणाल्या, "ह्या वयात शीळ? आणि तीही पुरुषाला?" पण त्या पदराने डोळे पुसत होत्या, हे मी पाहिलं.

शेवटी ७३ झालं. मोर्समध्ये ७३ उलटसुलट कसंही वाजवा, सारखंच. 'चिमा काय कामाची'सारखं. दोन लांब, तीन आखूड. तीन आखूड, दोन लांब. येणाऱ्यालाही तेच आणि जाणाऱ्यालाही तेच.

मी हळूच विचारलं, "काय मामा? डालडा की तूप?"

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरे, भूक लागल्यावर एवढं विचारायचं नसतं." आणि हेडफोन ठेवता ठेवता पुढे म्हणाले, "मधला माणूस कोण, ह्याचं मॅक्सिमने काही विचारलं नव्हतं. मधला माणूस मिळाला, एवढंच बघितलं त्याने."

मामा आता नाहीत. गेलेल्या हॅमला ते लोक 'सायलेंट की' म्हणतात, मुकी झालेली कळ. न्यूझीलंडला मीच कळवलं.

त्या दिवशी काउंटरवर लिंक गेलेलीच होती. रांग खोळंबलेली. आजोबा काच धरून उभे. माझी बोटं आपोआप काउंटरवर वाजायला लागली होती. दोन लांब, तीन आखूड. तीन आखूड, दोन लांब.

आजोबांनी विचारलं, "काय करताय?"

मी म्हणालो, "काही नाही. लिंक आहे का बघतोय."